न टोचणारा आवाज

काकाजींनी मला भाड्यानं खोली दिली ती माझे कान तपासून.

मी तेव्हा दुर्गच्या पार्सल ऑफिसात नवीन लागले होते. गोंदियाहून रोजचं येणं-जाणं झेपेना, म्हणून इकडे खोली शोधत होते. भिलाईत मरोदाच्या बाजूला प्लांटमधून रिटायर झालेल्या एका माणसाच्या घरी वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, माणसं आपल्याच भंडाऱ्याकडची आहेत, असं ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलं. रविवारी सकाळी मी गेले. दार उघडलं ते एका उंच, हडकुळ्या, पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांनी. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. मला अंगणातल्या पेरूखाली पाठमोरं उभं केलं, आपण कुंपणापर्यंत मागे गेले आणि खिशातून किल्ल्यांचा झुबका काढून हलवला.

“ऐकू आलं?”

“आलं.”

झुबका रुमालात बांधून पुन्हा हलवला. मग काड्यापेटीत टाचणी टाकून ती हलवली. शेवटी हातातलं घड्याळ काढून माझ्या कानाशी धरलं आणि एकेक पाऊल मागे जात राहिले. “टिकटिक बंद झाली का हात वर करजो.”

मी हात वर केला तेव्हा ते तीन-चार पावलं लांब होते. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

“कान चांगले हायेत तुहे. राह्य मंग. पण घरात रबरी चपला घालाव्या लागतीन. अन् कुकर लावाचा नाही. शिट्टी वाजली का खोली खाली.”

फोनवर आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “बाप्पा, बह्याड दिसते तो माणूस. दुसरी पाह्य.” पण खोल्यांना दोन बाजूंनी खिडक्या होत्या, पेरूची फांदी थेट गॅलरीत आलेली होती. मी राहिले. लग्न होऊन मोहन नगरला जाईपर्यंत, म्हणजे चांगली सहा वर्षं राहिले.

त्या घरात काहीच वाजत नसे. दाराच्या कडीला जुन्या बनियनची पट्टी गुंडाळलेली. मोरीतल्या नळाला कापडी पिशवी बांधलेली, म्हणजे पाणी बादलीत पडताना आवाज होऊ नये. स्टीलची सगळी भांडी माळ्यावर गेलेली. जेवायला प्लास्टिकच्या ताटल्या आणि लाकडी चमचे. देवघरातल्या घंटेचा लोलक काकाजींनी काढून ठेवला होता. आरती करताना ती मुकी घंटाच ते हलवत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. ते शांतपणे म्हणाले, “देवाले हललेली दिसते ना? पुरे.”

हे सगळं काकूंसाठी होतं.

मी यायच्या दोन वर्षं आधी काकूंना मेंदूज्वर झाला होता. त्यातून त्या वाचल्या, चालू-फिरू लागल्या, पण कान सोलून निघावेत तसे झाले. चमचा ताटाला लागला, शेजारी कुणी टाळी वाजवली, की त्यांच्या डोक्यात सुई शिरायची. त्या दोन्ही हातांनी कान दाबून खाली बसत आणि मग तासभर उठत नसत. एका डॉक्टरांनी काकाजींना सांगितलं होतं की यांना आवाजापासून कायमचं लपवून ठेवू नका. यांना आवडणारा, अगदी मऊ आवाज रोज थोडा थोडा ऐकवा, हळूहळू सहन होईल. झालं, त्या दिवसापासून ‘मऊ आवाज’ हे दोन शब्द काकाजींच्या मनात रुतून बसले.

आणि काकूंना आवडणारा आवाज म्हणजे गाणं. त्या तुमसरच्या. वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे, त्यामुळे लहानपणापासून कान तयार. काकाजींना मात्र सा कशाशी खातात ते माहीत नव्हतं. ते मिलमध्ये करवतीवर होते. लालबुंद तापलेलं लोखंड जिथे कापतात, तिथे. लग्नानंतर शिफ्टवरून घरी आले की डोक्यात तीच करवत चालू असायची; कुणी बोललेलं खपायचं नाही, ताट भिरकावून द्यायचे. काकूंनी भांडण केलं नाही. त्यांनी रोज संध्याकाळी या माणसाला भिंतीशी बसवून बारीक आवाजात रेडिओ लावायला सुरुवात केली. मग टेपरेकॉर्डर आला. मग प्रमोशन झालं तेव्हा दोघं नागपूरला जाऊन अँप्लिफायर, सीडी प्लेअर आणि दोन स्पीकर घेऊन आले. सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये रोज एक तास दोघं शेजारी शेजारी बसून ऐकत. त्यांना मूल नव्हतं. “तिनं मले ऐकाले शिकवलं,” काकाजी सांगत, “नाही तर मी जनावर झालो असतो.”

मी आले तेव्हा ते सगळं सामान पुढच्या खोलीत पलंगपोसाखाली झाकलेलं होतं आणि काकू मागच्या खोलीत असत.

दुखणं स्पीकरचं आहे, हे काकाजींनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. प्रत्येक स्पीकरमध्ये एक मोठी थाळी असते आणि एक लहान. लहानीला ट्वीटर म्हणतात, बारीक आवाज तिच्यातून येतात. त्यांच्या स्पीकरमध्ये ती धातूची होती. अँप्लिफायरचा आवाज आधीच जरा उघडा, त्यात ही धातूची. दोघांचं मिळून गाणं टोकदार व्हायचं. मग अँप्लिफायर बदला की, असं मी म्हटलं.

“काऊन? तो आम्ही दोघांनी आणला. घरात आलेल्याले मी काढत नाही. त्याले सोभन असा स्पीकर पाह्याचा.”

“मग ट्रेबल कमी करा. बटण आहे ना.”

“करून पाह्यलं. गाणं घोंगडं पांघरून बसते. बाईचा गळा दिसत नाही.” काकाजींना आवाज दिसत असत.

त्यांनी जगातल्या सगळ्या माणसांची वर्गवारी केली होती: टोकवाले आणि बिनटोकवाले. भाजीवाली टोकवाली. पोस्टमन बिनटोकाचा, म्हणून त्याला रोज चहा. बँकेतला मॅनेजर एवढा टोकवाला की काकाजींनी त्या शाखेतलं खातंच हलवलं. माझ्या आवाजाबद्दल त्यांचं म्हणणं असं की बाकी सगळं ठीक आहे, पण ‘स’ फार धारदार. “तिच्यासमोर ‘स’ जरा दाबून बोलत जाजो.” मी खरंच तसं बोलू लागले. काकूंसमोर मी साखरेला ‘गोड’ म्हणायचे आणि सकाळला ‘पहाटे’. पार्सल ऑफिसातही सवय लागली. लोक हसायचे. काकू मात्र हसत नसत. त्या माझा हात हातात घेऊन फार हळू म्हणायच्या, “तू बोल बाई मोकळी. मले माणसाचा आवाज पाहिजे.”

दर दुसऱ्या रविवारी आम्ही स्पीकर पाहायला रायपूरला जायचो. लहान पाहिजेत, पुस्तकाच्या फळीवर मावतील एवढे, कारण मोठ्या पेट्यांनी ती खोली भरून गेली असती. काकाजी आपला अँप्लिफायर दुलईत गुंडाळून, पोत्यात घालून, लोकलमध्ये मांडीवर घेऊन बसायचे. समोरच्या बाकावरची माणसं विचारायची, “बाबा, काय लेके जाथस?” काकाजी गंभीरपणे सांगायचे, “आदमी हे. बीमार हे.”

दुकानातल्या माणसाला पहिल्यांदा वाटलं की गिऱ्हाईक वेडं आहे. त्यानं आपलं यंत्र दाखवलं. काकाजींनी मान हलवली, पोतं उघडलं, स्वतःचा अँप्लिफायर काढला आणि तारा जोडल्या. दुसऱ्याच्या घरी गोड बोलणारा आपल्या घरी कसा बोलतो ते पाहावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. मग खिशातून सीडी काढली. ती एका बाईंच्या भजनांची होती, काकूंची आवडती. तंबोरा, तबला, आणि दुसऱ्या कडव्यापासून मंजिरा, पितळी टाळांची बारीक किणकिण.

“अंकल, ये वाला एकदम स्मूद है,” दुकानदार म्हणाला. “पूरा मक्खन.”

काकाजींनी मला मधल्या खुर्चीत बसवलं. स्वतः बाजूला उभे राहिले. “पोरी, गाणारीची जीभ ऐकू येऊन राहिली का गळा?”

मला त्यांचा प्रश्न तेव्हा कळला. काही स्पीकरमधून त्या बाईंचे ओठ, दात, जीभच जास्त ऐकू यायची. प्रत्येक ‘श्याम’ फटकन कानावर यायचा. मी म्हटलं, “जीभ.” ते दुसऱ्या जोडीकडे वळले. तिथे मंजिरा सुरू झाला आणि मला तो फारच कडक लागला. मी काकाजींकडे पाहिलं. ते तोंड उघडून माझ्याकडे बघत होते.

“काय झालं? काऊन तोंड वाकडं केलं?”

“मंजिरा, काकाजी. केवढा टोचतो!”

“वाजून राहिला का?”

मला वाटलं ते थट्टा करताहेत. थट्टा नव्हती.

परतीच्या गाडीत त्यांनी सांगितलं. एवढी वर्षं करवतीजवळ काढली होती. प्लांटमध्ये कानात घालायला प्लग मिळायचे. जवान वयात ते यांनी खिशातच ठेवले, बायकी वाटतं म्हणून. रिटायर व्हायच्या आधी तपासणी झाली तेव्हा कळलं की वरचे, बारीक आवाज सगळे गेलेत. चिमणी गेली, मंजिरा गेला, घड्याळाची टिकटिक गेली. माणसाचं बोलणं यायचं, तेही जरा मोठ्यानं, नाही तर ओठ पाहून. टोकवाला कोण आणि बिनटोकाचा कोण, हे ते काकूंच्या चेहऱ्यावरूनच वाचत आले होते.

“काकूंना माहीत आहे?”

“नाही. अन् सांगाचं नाही.” त्यांनी मांडीवरचं पोतं घट्ट धरलं. “तिले वाटते मी तिच्यासंगं बसून सारं ऐकत होतो. ती म्हणे, वा, मंजिरा कसा आला पाह्यलं? मी म्हणो, वा. कितीक वर्षं झाली, मी नुसता तिच्या तोंडाकडे पाहून वा म्हणून राहिलो. हे ऐकलं तर ते सारं खोटं होईन ना तिच्यासाठी?”

म्हणून त्यांनी माझे कान तपासले होते. ज्या टोकानं त्यांची बायको घायाळ होत होती, ते टोक त्यांना ऐकूच येत नव्हतं. त्यांना भाडेकरू नको होता, कान पाहिजे होते.

इथून पुढचं सांगायला मला अजूनही जड जातं.

साधारण वर्षभर आम्ही हिंडलो असू. एक दिवस कळलं की सेक्टर दहामध्ये बदली होऊन चाललेले एक इंजिनिअर आपले लहान स्पीकर देऊन टाकताहेत. काकाजी अँप्लिफायर घेऊन माझ्या स्कूटीवर मागे बसले आणि आम्ही गेलो. त्या दिवशी गोंदियाला मला बघायला पाहुणे येणार होते. दुपारची गाडी चुकवून चालणार नव्हतं. काकाजी तारा जोडत होते आणि मी घड्याळ बघत होते. भजन सुरू झालं. पहिलं कडवं खरंच गोड होतं, गळा मोकळा होता. दुसऱ्या कडव्याच्या आधीच मी उठले.

“चांगले आहेत, काकाजी. घेऊन टाका.”

“पक्कं?”

“पक्कं.”

“मंजिरा ऐकला?”

मी म्हटलं, “हो.”

हे खोटं होतं. मंजिरा अजून यायचा होता, आणि तो कधी येतो हे काकाजींना कळण्यासारखं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी गोंदियाहून परतले तेव्हा पुढच्या खोलीचा पलंगपोस निघालेला होता. काकाजींनी नवी लुंगी नेसली होती, दाढी केली होती. माझ्यासाठीच थांबले होते. काकू दोन वर्षांनी, नव्हे तीन वर्षांनी, पुढच्या खोलीत येणार होत्या. त्या आल्या. जांभळं लुगडं नेसून, केसात अबोली माळून आल्या. खुर्चीत बसल्या. काकाजींनी आवाज अगदी कमी ठेवला. पहिलं कडवं सुरू झालं आणि काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्या ओठांनी सोबत म्हणत होत्या. काकाजी माझ्याकडे बघून हसले.

मग मंजिरा आला.

काकूंनी आवाज केला नाही. त्या नुसत्या खुर्चीतून पुढे कोसळल्या. कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. मी प्लग ओढून काढला, पण काकाजींना काय झालं तेच कळत नव्हतं. ते स्पीकरकडे, माझ्याकडे, तिच्याकडे बघत होते आणि विचारत होते, “काय आलं? काय आलं पोरी? काय होतं त्याच्यात?”

काकू पुढे चार महिने मागच्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत. माझ्या बोलण्यानंही त्यांना त्रास व्हायला लागला.

मी काकाजींच्या पाया पडून खरं काय ते सांगितलं. मला वाटलं आता खोली खाली करावी लागणार. ते पायरीवर बसून नळाची पिशवी शिवत होते. त्यांनी सुई थांबवली नाही. “तुही काय चूक? ज्याची बायको त्याले कान नाही, अन् मागून आणलेल्या कानावर किती भरोसा ठेवाचा. माहंच चुकलं.”

एवढंच. मग त्यांनी मला कधी रविवारी हाक मारली नाही. स्पीकर पाहायला ते एकटेच जाऊ लागले. मी गॅलरीतून बघायची: पोतं पोटाशी धरून, पाय ओढत, मरोदाच्या रस्त्यानं चाललेला उंच माणूस. दुकानात कुणाला तरी ते विचारत असतील, जीभ ऐकू येते का गळा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटायचं.

दिवाळीत मी नागपूरला मावशीकडे गेले होते. काकाजींच्या सीडीची एक प्रत मी गुपचूप करून ठेवली होती. सीताबर्डीवर एका जुन्या दुकानात मी शिरले आणि सांगितलं की मला विकत काही घ्यायचं नाही, ऐकायचं आहे. दुकानदार वयस्क होते. बसा म्हणाले. एकामागून एक सात जोड्या ऐकल्या. मग त्यांनी आतून एक धुळकट जोडी आणली. तपकिरी लाकडाच्या, दिसायला अगदी साध्या पेट्या. ट्वीटर धातूचा नव्हता, रेशमी कापडाचा होता. “हे कुणी घेत नाही,” ते म्हणाले. “लोकांना चमक पाहिजे. यात चमक नाही.”

मी ते भजन शेवटपर्यंत ऐकलं. मंजिरा आला, स्वच्छ आला. पण कुणी लांबून, ओसरीवर बसून वाजवावा तसा. मी पुन्हा ऐकलं. दुकान बंद व्हायची वेळ झाली तरी ऐकत होते. मग बाहेर येऊन फोन केला.

“काकाजी, गळा ऐकू येतो. नुसता गळा.”

ते त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाले, “मंजिरा?”

“आहे. पण टोचत नाही. अकरा वेळा ऐकलं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पोतं घेऊन नागपूरला हजर. आपला अँप्लिफायर जोडला. मला समोर बसवलं आणि स्वतः स्पीकरकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून बसले. गाणं संपेपर्यंत ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मंजिरा नेमका कुठल्या क्षणी येतो ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून डोळ्याची पापणीसुद्धा हलवत नव्हते. गाणं संपलं. त्यांनी विचारलं काहीच नाही. उठले आणि दुकानदाराला म्हणाले, “बांधून द्या.”

यावेळी त्यांनी घाई केली नाही. घरी आल्यावर पंधरा दिवस स्पीकर नुसते मांडत राहिले. भिंतीपासून एक वीत पुढे, मग दीड वीत. खाली जाड लोकरी नमद्याचे तुकडे. तोंडं जरा बाहेरच्या बाजूला वळवलेली, म्हणजे आवाज सरळ अंगावर येऊ नये. समोरच्या भिंतीवर दोन जाड सतरंज्या टांगल्या. मग काकूंची खुर्ची मागच्या खोलीच्या दाराशी ठेवली, दार बोटभर उघडलं आणि एक भजन, अगदी कुजबुजल्यासारखं, लावलं. दुसऱ्या दिवशी खुर्ची एक फरशी पुढे. त्रास झाला तर एक फरशी मागे. पुढच्या खोलीच्या मध्यापर्यंत एकोणीस फरश्या होत्या. ते अंतर कापेपर्यंत माघ महिना लागला.

त्या दिवशी काकूंनीच मला वरून बोलावून घेतलं. “इथंच बस,” म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर चौकटीचा वण होता. मी त्यांच्या पायाशी बसले, काकाजी बाजूच्या वेताच्या मोड्यावर. दुसरं कडवं जवळ आलं तसे काकाजी काकूंच्या चेहऱ्याकडे वळून बसले. मंजिरा सुरू झाला. काकूंनी डोळे मिटले. हात मांडीवरच होते. गाणं पुढे गेलं, तिसरं कडवं झालं, संपलं.

काकूंनी डोळे उघडले. “वा,” त्या म्हणाल्या. “मंजिरा कसा दूर गेला. पाह्यलं?”

काकाजींनी तोंड उघडलं. सवयीनं ‘वा’ म्हणायला उघडलं होतं, ते पुन्हा मिटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

“मले नाही येत तो ऐकू,” ते म्हणाले. “लय वर्षं झाली. मंजिरा नाही, तुह्या बांगड्या नाही. मी खोटं वा म्हणत होतो.”

मी उठून जायला लागले. काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून बसवलं. त्यांनी काकाजींना मोडा जवळ घ्यायला खुणावलं. मग म्हणाल्या, “पुन्हा लावा.”

काकाजींनी पुन्हा लावलं. काकूंनी त्यांचा हात ओढून आपल्या मांडीवर उपडा ठेवला. आणि दुसऱ्या कडव्याला, जिथे जिथे मंजिरा वाजत होता, तिथे तिथे त्या हातावर बोटानं एकेक ठोका देत गेल्या. काकाजी हाताकडे बघत रडत होते. मंजिऱ्याची लय मधे दुप्पट होते. ती झाली तसं ते दचकले, आणि हसले. “एवढ्या जलद?” त्यांनी विचारलं. “एवढ्या जलद वाजवते का तो?”

नंतरची दोन वर्षं माझ्या आठवणीत एकच संध्याकाळ असल्यासारखी आहेत. मी ऑफिसातून यायची, खालून गाणं ऐकू यायचं, आणि खिडकीतून दिसायचं की दोघं बसलीत, तिची बोटं त्याच्या हातावर चालताहेत. एरवी घर तसंच मुकं होतं. रस्त्यावरचा हॉर्न, लग्नाची वरात, यांनी काकू अजूनही कोसळत. बरं झालं होतं ते फक्त त्या एका खोलीत, त्या दोन पेट्यांसमोर. काकाजींना तेवढं बस होतं.

ते गेले ते अचानक. सकाळी दूध आणायला गेले, दुकानाच्या बाकावर बसले आणि बसल्या जागी मान टाकली. लोकांनी उचलून घरी आणलं.

मी सगळ्यात आधी फाटकावर जाऊन उभी राहिले. गल्लीतल्या बायका पदर डोळ्यांना लावत येत होत्या आणि प्रत्येकीला मी हात जोडत होते: मोठ्यानं रडू नका. दुपारी तुमसरहून काकाजींची थोरली बहीण आणि पुतण्या आले. बहीण ऐंशीच्या घरातली. गाडीतून उतरताच तिनं गळा काढला. मी धावत जाऊन तिचं तोंड माझ्या खांद्यात दाबलं. तिनं मला ढकललं.

“माहा भाऊ गेला अन् मले रडू नाही देत? तू कोण व्हय वं?”

“आत्याबाई, काकूंसाठी. काकाजींनीच ठेवलं होतं घर असं. सहा वर्षं ठेवलं.”

तिनं दाराच्या कडीवरची ती पट्टी पाहिली. मग पदराचा बोळा तोंडात कोंबून ती भिंतीशी बसली. तिची पाठ नुसती गदगदत होती. एवढी माणसं त्या घरात होती आणि रडण्याचा आवाज नव्हता.

काकू त्यांच्या उशाशी बसून होत्या. त्या रडत नव्हत्या. त्यांचा हात काकाजींच्या हातावर होता.

उचलायची वेळ झाली. पुतण्यानं खांदेकऱ्यांना आधीच समजावलं होतं की कोपऱ्यावर वळेपर्यंत कुणी मोठ्यानं म्हणायचं नाही. चौघांनी तिरडी उचलली. अंगण ओलांडलं. त्यांचे ओठ हलत होते, ‘राम नाम सत्य है’ नुसत्या ओठांवर होतं.

“थांबा.”

काकू दारात आल्या होत्या. एवढ्या वर्षांत मी त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

“हळू काऊन म्हणता?” त्या म्हणाल्या. “मोठ्यानं म्हणा. त्यायले हळू बोललेलं ऐकू येत नाही.”

पुतण्या म्हणाला, “काकू, तुमाले...”

“म्हणा.”

मग एकानं आवाज दिला, मागून सगळ्यांनी. साठ-सत्तर माणसांचा आवाज त्या लहानशा अंगणात एकदम उठला. भिंतीशी बसलेल्या आत्याबाईंनी तोंडातला बोळा काढला आणि हंबरडा फोडला, आणि मग गल्लीतल्या सगळ्या बायका रडू लागल्या. मी काकूंना धरायला धावले. त्यांचं सगळं अंग लटपटत होतं, डोळे घट्ट मिटले होते, ओठ दातांखाली रक्ताळले होते. मी त्यांच्या कानांवर हात ठेवायला गेले. त्यांनी माझी दोन्ही मनगटं पकडून खाली केली आणि तशीच धरून ठेवली, माणसं कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी होईपर्यंत.